पाचोळ्याची माती: कोथरूडच्या सोसायटीतल्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

यंदा आवारातला पाचोळा आवारातच जिरवायचा, यावर अखेर कमिटीची मान हलली. पार्किंगपलीकडची, मागच्या भिंतीलगतची पट्टी वापरायला मिळाली आहे. जागा मनासारखी आहे. दुपारनंतर इमारतीची सावली येते, नळ हाताशी आहे, आणि खाली फरशी नाही, उघडी जमीन आहे. जमीन महत्त्वाची. पाचोळा कुजवणारी सगळी मंडळी, म्हणजे बुरशी, गांडुळं, वाणी, बारीक किडे, खालूनच वर चढतात. फरशीवर ढीग केला तर त्यांना वाटच राहत नाही.

आवारातली झाडं लिहून ठेवते, कारण पुढे प्रत्येक पानाचा स्वभाव वेगळा निघणार आहे: एक थोरला वर्षावृक्ष, दोन देशी बदाम, फाटकाशी पिंपळ, आंबे, एक फणस, कडुनिंब आणि भिंतीपलीकडून आत झुकलेल्या सुबाभळी.

करायचं आहे ते लीफमोल्ड. निव्वळ पानांची, पूर्ण कुजलेली, भुसभुशीत माती. यात स्वयंपाकघरातला ओला कचरा नाही, शेण नाही, विकतचं कल्चर (कुजवणाऱ्या जंतूंचं विरजण) नाही. नेहमीचं कंपोस्ट तापतं आणि ते काम मुख्यतः जिवाणू करतात. हे तापत नाही. इथे काम बुरशीचं असतं, त्यामुळे सावकाश चालतं. बुरशीला हवी असते ओल आणि हवा.

आणि आपल्याकडची खरी मेख या ओलीतच आहे. युरोपात पानगळ ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. तिथे पानं ओल्या थंडीत पडतात आणि जाळीत कोंबून ठेवली की वर्ष-दोन वर्षांत आपली आपण माती होतात. आपली पानगळ माघ-फाल्गुनात. पानं खाली येतात तेव्हा पुढे चार महिने कडक ऊन असतं. म्हणजे तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलली तर जूनपर्यंत पानं नुसती वाळत राहतील, कुजणार नाहीत. तेव्हा आमचं काम दोन तुकड्यांत आहे. पाऊस येईपर्यंत ढीग ओला ठेवणं आमच्याकडे, पुढचं पावसाकडे.

१८ फेब्रुवारी

पिंजरे उभे राहिले. हार्डवेअरच्या दुकानातून तीन फूट उंचीची चिकन जाळी आणली. दहा फूट तुकडा गोल वळवला की साधारण तीन फूट व्यासाचा पिंजरा होतो. टोकं बाइंडिंग तारेने बांधली, आतून चार बांबू ठोकले. तळ उघडाच ठेवला. यापेक्षा लहान पिंजरा आपल्या हवेत करू नये, कडेची पानं फार लवकर वाळतात आणि मधे ओल धरणारा गाभाच उरत नाही. जाळीला आतून जुनं गोणपाट लावलं ते याचसाठी.

दोन पिंजरे केले आहेत. पहिल्यात नाजूक पानं: वर्षावृक्ष, कडुनिंब, पिंपळ. दुसऱ्यात जाड: बदाम, आंबा, फणस. एकत्र घातली असती तर नाजूक पानांची माती होऊनही जाड पानांसाठी थांबावं लागलं असतं.

२५ फेब्रुवारी

आज भरणी. झाडलोट करणाऱ्या मावशींनी आठवडाभर पाचोळा वेगळा ठेवला होता. प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं त्यांनीच वेचून काढली होती. त्या म्हणाल्या, "ताई, रोज खराट्याने ढीग लावायचा आन् रोज गाडीवाल्याच्या मागं लागायचं, त्यापरीस हे बरं. चार पावलांवर नेऊन टाकलं की झालं." या प्रकल्पात सगळ्यात आधी फायदा कुणाचा झाला असेल तर त्यांचा, आणि तसाच व्हायला हवा होता. त्यांच्या कामात भर पडणार असती तर मी हे सुरूच केलं नसतं.

शेंगा मात्र निवडून काढाव्या लागल्या. वर्षावृक्षाच्या चिकट शेंगा आणि सुबाभळीच्या चपट्या शेंगा पानांबरोबर ढिगाने पडतात. लीफमोल्ड तापत नसल्यामुळे त्यात बी मरत नाही. गाजर गवताचं एखादं वाळलं झुडूप त्यात गेलं तर पुढच्या वर्षी प्रत्येक कुंडीत गाजर गवत. शेजारच्या आवारातली निलगिरीची पानंही घेतली नाहीत, त्यातल्या तेलामुळे ती कुजायला फार वेळ घेतात. गुलाबाची काळे ठिपके पडलेली पानं बाजूला ठेवली. न तापणाऱ्या ढिगात रोगही टिकून राहू शकतो.

जाड पानं चुरायला यंत्र आणलं नाही. कडक उन्हात वाळलेली बदामाची पानं पोत्यात अर्धी भरायची, तोंड बांधायचं आणि मुलांना पोत्यावर सोडायचं. दहा मिनिटांत पोतं पाव होतं. पान फाटलं की त्याच्या कडा वाढतात, आणि बुरशी कडेतूनच आत शिरते, वरच्या मेणचट कातडीतून नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पानं भिजवण्यात. वाळलेल्या पानावर नळी धरली की पाणी वरून ओघळून जातं. ढीग वरून चिंब दिसतो, हात घातला की आत कोरा. म्हणून पानं पिंपात रात्रभर बुडवून ठेवली होती. सकाळी ती उपसून पिंजऱ्यात घातली, वीतभर थर झाला की पायाने दाबला, मग पुढचा थर. बदामाच्या पिंपातलं पाणी गडद तपकिरी झालं होतं. हे टॅनिन, पानातलं तुरट द्रव्य. याच गुणासाठी मासे पाळणारे लोक बदामाची वाळकी पानं टाकीत सोडतात. टॅनिन आणि लिग्निन (पानाला ताठपणा देणारं द्रव्य) जास्त म्हणजे कुजण्याचा वेग कमी, हे आजच कळून आलं.

ओल किती हवी? मूठभर पानं घट्ट पिळली की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर जास्त, हात कोरडा राहिला तर कमी.

दोन्ही पिंजरे शिगोशीग भरले आणि तरी पाचोळा उरला. पुण्यात 'ब्राऊन लीफ' ही चळवळ ज्यांच्याकडे पाचोळा जास्त आहे आणि ज्यांना तो हवा आहे अशांची गाठ घालून देते. त्याच धर्तीवर उरलेली पोती दोन गल्ल्यांपलीकडच्या गच्चीवरच्या बागेला दिली.

१० मार्च

तळमजल्यावरचे काका संध्याकाळी बघायला आले. ते पूर्वी शेती करत. "अगं, नुसत्या पानांचं काय होणार? वर्ष जाईल. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन घालून जीवामृत कर आणि शिंपड. बघ कसं झपाझप होतं."

काकांचं म्हणणं चुकीचं नाही. झाड पान टाकण्याआधी त्यातला बराचसा नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) परत फांदीत ओढून घेतं. हिरवा रंग जातो तो याच आवराआवरीत. हरितद्रव्य मोडलं जातं आणि आधीपासून पानात असलेला पिवळा रंग दिसायला लागतो. म्हणजे खाली पडतं ते पान आधीच बरंचसं रिकामं असतं. उरतो तो कर्ब (कार्बन), आणि चुन्यासारखी, झाडाला परत ओढून घेता न येणारी काही द्रव्यं. कंपोस्टला एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब लागतो, वाळक्या पानांत तो पन्नास-साठ भागांपर्यंत सहज असतो. शेणातून नत्र मिळाला की जिवाणूंना बळ येतं आणि काम वेगाने होतं. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांच्या 'प्रयोग परिवार' या शेतकऱ्यांच्या चळवळीपासून आपल्याकडे पालापाचोळा आणि शेण-गुळाच्या पाण्यातून माती घडवण्याची मोठी परंपरा आहे, आणि ती फळलेली आहे.

पण मला जे हवं आहे ते दुसरं. शहरात ताजं शेण शोधत फिरावं लागलं की चार लोकांतले तीन हा नाद सोडून देतात. पान, पाणी आणि धीर एवढ्यावर होणारी गोष्ट कुठल्याही सोसायटीला जमते. तरीही काकांना म्हटलं, तुम्ही तुमच्या पद्धतीने दोन गोण्या लावा, शेजारी शेजारी ठेवू. त्यांनी लगेच मनावर घेतलं. उद्या वर्षावृक्षाची पानं मी देणार, जीवामृत ते करणार.

२३ मार्च

उद्या होळी. आवारातल्या पोरांचा डोळा पिंजऱ्यांवर होता, तो विषय त्यांच्याशी बसून मिटवला. कमिटीतल्या एका काकूंना मात्र आगीची रास्त काळजी वाटते. त्यांना पिंजऱ्यात हात घालून बघायला सांगितलं. आत गार आणि ओलं आहे, काडी टाकली तरी पेटणार नाही. धोका उघड्यावर पडलेल्या कोरड्या ढिगाला असतो.

पाचोळा जाळण्याबद्दल सोसायटीच्या फळ्यावर मी आज एक कागद लावला. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर उघड्यावर कचरा जाळायला बंदी घातली. साध्या प्रकाराला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये भरपाई. पाचोळा त्यातून सुटत नाही. दंड हा कागदावरचा भाग झाला. अर्धवट ओली पानं पेटत नाहीत, दिवसभर धुमसतात, आणि तो धूर जमिनीलगत राहतो, म्हणजे खराटा मारणाऱ्या बाईच्या आणि खाली खेळणाऱ्या मुलांच्या नाकाच्या उंचीवर. हे मी अनेक वर्षं पाहिलेलं आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

सावंतवाडीच्या मावशीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पातेरो जाळू नको गो, माडाच्या बुडाक घाल." तिच्याकडे भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपं तयार करायच्या वाफ्यासाठी, भाजावळ होते: जमिनीवर शेण, कवळ (झाडांच्या छाटलेल्या डहाळ्या), पातेरा म्हणजे पाचोळा पसरून जाळतात. राखेने रोप जोमदार येतं, तणाचं बी मरतं. त्यामागे शेतीचं गणित आहे. तरीही माडापोफळीच्या बागेत हीच माणसं पानाला काडी लावत नाहीत, बुंध्याशी ओढतात. शहरात आम्ही जाळतो ते नुसतं समोरून नाहीसं व्हावं म्हणून.

१४ एप्रिल

ऊन चाळीसच्या आसपास. सगळा खेळ आता पाण्याचा आहे. सोसायटीला टँकर सुरू झाला, त्यामुळे नळाचं पाणी ढिगाला घालणं मला पटत नाही आणि कुणाला पटणारही नाही. तीन ठिकाणांहून पाणी जमवते: एसीच्या नळीखाली ठेवलेल्या बादल्या, भाज्या आणि तांदूळ धुतलेलं पाणी, आणि माठ धुताना निघणारं. एसीचं पाणी ढिगाला चांगलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओ यंत्रातून वाया जाणारं पाणी मात्र घेत नाही. त्यात क्षार साठलेले असतात, आणि मे महिन्याच्या उन्हात पाणी उडून जाऊन क्षार तेवढे मागे राहतील.

वरून ओतण्यात अर्थ नाही, हे फेब्रुवारीतच दिसलं होतं. बांबूने ढिगात चार-पाच भोकं पाडली आहेत, तळापर्यंत. पाणी त्यांत झारीने हळूहळू सोडते. वर ओलं गोणपाट आणि त्यावर जुनी ताडपत्री, कडेने हवा जाईल अशी सैल. हे झाकण टाकल्यापासून पाणी निम्म्यावर आलं.

पहिला पिंजरा हातभर खचला आहे. दुसरा जवळजवळ तसाच.

१२ मे

वळवाची एक सर येऊन गेली. ते निमित्त धरून दोन्ही ढीग वरखाली केले. पंजाने कडेची वाळकी पानं सोडवायची आणि मधे घालायची. हातात जाड मोजे, पायात बूट. उन्हाळ्यात असा गारवा विंचवालाही आवडतो.

पहिल्या पिंजऱ्यात मधोमध जे दिसलं त्यासाठी मी इतके दिवस पाणी वाहत होते. पानांच्या थरांमधून पांढरं धाग्यांचं जाळं पसरलं आहे. एक पान उचललं तर त्याला चिकटून खालची सात-आठ पानं एकत्र वर आली, जणू कुणी टाके घातले आहेत. धागा जिथे पानाला भिडला आहे तिथे पानाचा तपकिरी रंग फिका पडून जवळजवळ पांढुरका झाला आहे. ही लिग्निन खाणारी बुरशी. लिग्निन म्हणजे पानाला, लाकडाला ताठपणा देणारं द्रव्य. बहुतेक जिवाणूंना ते पचत नाही, या बुरशीला पचतं. पानातलं लिग्निन गेलं की पान ओलं असतानाही बोटाने दाबलं तर मोडतं.

लोकांना ही बुरशी दिसली की ते ढीग बिघडला समजून औषध मारायला निघतात. शेजारच्या विंगमधल्या एकांनी तसं विचारलंही. त्यांना मुद्दाम पिंजऱ्याशी नेऊन दाखवलं. काळी, चिकट, आंबूस वासाची जागा दिसली तर समजावं की हवा कोंडली आहे. पांढरा धागा दिसला तर काम सुरू आहे, हात लावू नये.

काकांच्या गोण्या सुरुवातीला चांगल्याच कोमट झाल्या होत्या. आता त्या निम्म्याहून कमी राहिल्या आहेत आणि आतला माल काळसर आहे. काका खूश आहेत, आणि त्यांनी खूश असावं असंच काम झालं आहे.

९ जून

काल संध्याकाळी पुण्यात धो धो पाऊस. रस्त्यांच्या नद्या झाल्या. सकाळी ताडपत्री काढून टाकली, भोकं बुजवली. इथून पुढे ढिगाला बादलीभरही पाणी घालायची गरज नाही.

७ जुलै

पिंजरा एकमध्ये कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या आहेत. पहाटे टोपी मिटलेली, राखाडी, बोटाएवढी. नऊच्या सुमारास कडा वर वळल्या आणि काळ्या पडायला लागल्या. दुपारी बघितलं तर टोपीचं काळं पाणी होऊन दांड्यावरून खाली गळत होतं, आणि संध्याकाळी नुसते दांडे. आपली बी असलेली टोपी विरघळवत नेणारी ही जात कुजक्या पाल्यावर हमखास येते. खाण्याच्या वाटेला कुणी जाऊ नये, मुलांना बजावलं आहे.

सुबाभळीची रोपं मात्र हिरवीगार वर आली आहेत. इतक्या शेंगा वेचूनही. बोटभर असतानाच उपटली, ओल्या पाचोळ्यातून ती अलगद निघतात. उपटलेली तिथेच आडवी टाकली, कोवळ्या शेंगवर्गीय पाल्यातला नत्र ढिगालाच मिळू दे.

२८ जुलै

गुरुवारी खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि मुठेला पूर आला. सिंहगड रोडला एकता नगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. आमचा भाग उंचावर, इथे नुसताच पाऊस. सोसायटीतल्या काहीजणी तिकडे मदतीला गेल्या होत्या, पिंजऱ्याकडे बघायला आजच फुरसत झाली.

पाऊस एवढा पडूनही ढिगाखाली पाणी साचलेलं नाही. जाळीच्या पिंजऱ्याचा हा मोठा गुण आहे. सिमेंटच्या टाकीत किंवा बंद पिंपात हाच पाचोळा आज आंबला असता. डासांची विचारणा झाली होती, त्यांनाही हेच उत्तर: साचलेलं पाणी नाही, म्हणजे डासांना जागा नाही.

दुसऱ्या पिंजऱ्यात आता कुठे जीव आला आहे. फणसाची पानं मऊ पडली, बदामाच्या पानांचे तुकडे काळे झाले. आंब्याचं पान मात्र ओलं, तपकिरी आणि अखंड. शीर धरून ओढलं तर फाटायला तयार नाही.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर मुलांना घेऊन ढीग उघडला. वाणी, गोगलगाई, उडी मारणारे पांढरे ठिपक्याएवढे किडे, आणि अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, अर्धगोल अळ्या. "हुमणी!" म्हणून मोठी माणसं मागे सरली. ही भीती रास्त आहे. शेतात हुमणी उसाची, भुईमुगाची मुळं खाते, कुंडीत गेली तर रोप बसतं.

पण पाल्यातली प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. एक सोपी खूण आहे. अळी सपाट फरशीवर ठेवायची आणि बघायचं. आजची अळी क्षणभर वळवळली, मग सरळ पाठीवर उलटी झाली आणि पाय आभाळाकडे करून पाठीच्या वळ्यांवर सरकत चालायला लागली, तीही चांगल्या वेगाने. असं पाठीवर चालणारी अळी फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांची. ती कुजकं खाते आणि तिची बारीक, टणक लेंडी म्हणजे आयतं खत. या अळ्या ढिगात परत सोडल्या. ज्या पोटावर चालायचा प्रयत्न करत होत्या किंवा नुसत्या कुशीवर वेटोळं करून पडून राहिल्या त्या वेगळ्या काढून कावळ्यांना घातल्या. शंका असेल तर कुंडीत न्यायच्या आधी माल चाळून घ्यावा. चाळणीत अळी अडकतेच.

मुलांनी पिंपळाच्या पानांच्या जाळ्या शोधून काढल्या. मधला मऊ भाग किड्यांनी आणि बुरशीने खाल्लेला, शिरांची जाळी शाबूत. वहीत ठेवायला प्रत्येकाने एकेक नेली. शिरांमध्ये लिग्निन सर्वात जास्त म्हणून त्या शेवटी जातात, हे फळ्यावर लिहून शिकवण्यापेक्षा हातात पान देऊन सांगणं किती सोपं.

२२ सप्टेंबर

फक्त मोजमाप. पहिला पिंजरा मूळ उंचीच्या पावपट. दुसरा निम्मा. पाऊस ओसरत आलाय, गोणपाट पुन्हा वर घातलं.

२० ऑक्टोबर

पहिला पिंजरा सोडला. तार कापून जाळी उचलली तर ढीग तसाच उभा राहिला. वरचा वीतभर थर अर्धवट पानांचा, तो बाजूला काढला. खाली गडद तपकिरी, दाणेदार, चहाच्या चोथ्यासारखी सुटी माती. गवंडी वाळू चाळतात ती चाळण भिंतीला तिरकी टेकवली आणि घमेल्याने माल तिच्यावर टाकत गेलो. खाली पडलं ते बियाणं पेरण्याजोगं बारीक. वर राहिलं ते, म्हणजे काड्या, देठ, शिरा, दुसऱ्या पिंजऱ्यात विरजण म्हणून मिसळलं. त्यातली बुरशी तिकडच्या जाड पानांना लागेल.

तयार झाल्याची खात्री नाकाने होते. कुजट, आंबट वास अजिबात नाही. वास येतो तो पहिल्या पावसाच्या मातीचा, आणि त्यामागे कारणही एकच आहे. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार करतात, पहिल्या सरीला आपल्याला येतो तो वास त्याचाच. माणसाच्या नाकाला तो अगदी नगण्य प्रमाणातही कळतो. मावशींनी ओंजळ नाकाशी नेली आणि म्हणाल्या, "ही तर आमच्या रानातली माती." त्यांचं गाव मावळात आहे.

काकांच्या गोण्या ऑगस्टमध्येच तयार झाल्या होत्या, म्हणजे वेगाच्या बाबतीत काका म्हणत होते ते खरं ठरलं. त्यांचा माल जास्त काळा, जास्त बारीक, आणि मूळ पाचोळ्याच्या मानाने कमी उरला. ज्याला लवकर हवं आहे आणि शेण सहज मिळतं त्याने तसंच करावं. मला दोन्हींत निवड करायची झाली तर मी नुसत्या पानांचीच करीन, कारण माझ्या मते त्यात पाणी धरणारा, दाणेदार भाग जास्त टिकतो आणि मुख्य म्हणजे त्यात विसरण्यासारखं काही नसतं.

३ नोव्हेंबर

भाऊबीजेची दुपार मोकळी मिळाली, तेव्हा एक साधी परीक्षा केली. लीफमोल्ड आणि नर्सरीतून आणलेली लाल माती, दोन्ही उन्हात वाळवली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सारखं वजन घेतलं, तळाला भोकं असलेल्या डब्यांत घातलं, पाण्यात बुडवलं आणि निथळत ठेवलं. लाल मातीचं वजन दीडपटही झालं नाही. लीफमोल्डचं तिपटीच्या पुढे गेलं.

एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. लीफमोल्डमध्ये नत्र-स्फुरद-पालाश फारसं नसतं, ते झाडाने आधीच काढून घेतलेलं असतं. त्यामुळे याला खत म्हणून वांग्याला घातलं आणि वांगी आली नाहीत, तर दोष पाचोळ्याचा नाही. याचं काम वेगळं. पुण्याच्या उन्हाळ्यात गच्चीवरची कुंडी दुपारी तीनला कोरडी पडते ती संध्याकाळपर्यंत ओली राहावी, आणि पावसाळ्यात चिकट होऊन मुळं गुदमरू नयेत. आज हेच काम करायला सगळे कोकोपीट आणतात. कोकोपीट चांगलं असतं, पण त्यातले क्षार धुवावे लागतात, ते दक्षिणेतून ट्रकने येतं आणि त्याला पैसे पडतात. लाल मातीसाठी तर कुठली तरी टेकडी खणली जाते. आणि तेवढ्यात आपल्या फाटकातून पाचोळ्याची गाडी बाहेर पडत असते. हे उलट्या दिशेचं चक्र मला कधीच समजलेलं नाही.

२४ नोव्हेंबर

वाटप आणि वापर. कुंडीसाठी मिश्रण ठरवलं: एक भाग लीफमोल्ड, एक भाग पोयटा (गाळाची माती), एक भाग गांडूळखत, आणि दहा इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. लाल माती अजिबात लागली नाही. रोपांच्या ट्रेसाठी मात्र चाळलेलं लीफमोल्ड जवळजवळ निखळ, थोडी वाळू मिसळून. उगवणाऱ्या बियांना खत लागत नाही, बीमध्येच त्यांची शिदोरी असते. त्यांना एकसारखी ओल लागते. मेथी, मुळा थेट पेरले, टोमॅटो आणि फ्लॉवरची रोपं ट्रेमध्ये. फ्लॉवरला चार पानं आली की लगेच कसदार मातीत हलवायचं, लीफमोल्डमध्ये जास्त दिवस ठेवलं की पानं पिवळी पडतात.

वाटणीत मावशींचं पोतं सर्वांत आधी भरलं. त्यांच्या चाळीत दारात तुळस आणि कढीपत्ता आहे. आजारी पडलेल्या बकुळीच्या आळ्यात दोन घमेली घातली, वरून तसाच अर्धवट पाचोळा पसरला, बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून. बुंध्याला भिडवून ओलं ठेवलं तर साल कुजते.

१२ जानेवारी २०२५

बदामाची पानं लाल होऊन पडायला लागली आहेत, म्हणजे नवा हंगाम दारात. यंदाचे बदल लिहून ठेवते.

दुसऱ्या पिंजऱ्यातलं बदाम आणि फणस तयार आहे, चाळून निम्मं निघालं. आंबा अजून तयार नाही. चुरलेली पानं मऊ झाली, अखंड राहिलेली तशीच चिवट आहेत. ती पुन्हा आत गेली, आणखी एक पावसाळा त्यांना देणार. आंब्यासाठी यंदापासून स्वतंत्र पिंजरा, तो दोन वर्षांचा समजायचा आणि त्याची घाई करायची नाही.

पिंजरे दोनाचे चार होतील. बी विंगने जागा दिली आहे, जाळीचा खर्च त्यांनी वर्गणीतून काढला. सुबाभळीच्या फांद्या शेंगा धरायच्या आत छाटून घेण्याबद्दल पलीकडच्या बंगल्याच्या मालकांशी बोलणं झालंय, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात माळी येणार. एसीची नळी थेट पिंपात सोडायला प्लंबर उद्या येतो. पिंपावर झाकण हवं, त्याला मच्छरदाणीचं कापड बांधायचं आहे. काका यंदा गोण्यांऐवजी अख्खा पिंजरा मागताहेत. त्यांना वर्षावृक्षाखालची जागा दिली.